फौजेतून कंपनीत : एका वाटेचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'फौजेतल्या आठवणी' लिहायला सांगितले होते. पण बर्फातल्या चौक्यांच्या माझ्या गोष्टी प्रत्येक मेळाव्यात ऐकवून झाल्या आहेत, आणि दर वेळी बर्फ थोडा वाढतो, अशी तक्रारही कानावर आली आहे. म्हणून या खेपेस वेगळा विषय घेतो. आपल्या बॅचमधून आम्ही नऊ जण फौजेत गेलो. मी शॉर्ट सर्व्हिसवाला. दहा वर्षांनी, ऐन तेहतिशीत, पेन्शनशिवाय बाहेर पडलो. बाकीचे एकेक करून निवृत्त झाले. कर्नलला चोपन्नाव्या वर्षी घरी बसवतात. त्या वयात आपले बँकेतले आणि कॉलेजातले मित्र अजून बढतीची वाट पाहत असतात. मुलांची शिक्षणे चालू, घराचे हप्ते चालू. मग प्रत्येकाचा प्रश्न एकच : कंपनीत आपल्याला कोण विचारणार?

आपल्याला इतिहास शिकवणारे सर म्हणायचे, अडचण आली की आधी कोणाला आली होती ते शोधा. तसे शोधले तर हा प्रश्न बराच जुना निघतो.

सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हवाईदलाने विमाने, सुटे भाग, माणसे यांचा हिशेब ठेवण्यासाठी एक सांख्यिकी विभाग उभारला आणि त्याच्या अधिकाऱ्यांना चक्क हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवून घेतले. युद्ध संपल्यावर कर्नल टेक्स थॉर्नटन यांनी आपल्या नऊ सहकाऱ्यांसह फोर्ड मोटर कंपनीकडे प्रस्ताव धाडला : घ्यायचे तर आम्हा दहा जणांना एकत्र घ्या. तरुण हेन्री फोर्ड (दुसरे) यांच्या हाती तेव्हा तोट्यातली, हिशेब विस्कटलेली कंपनी होती. 1946 साली त्यांनी सगळ्यांना घेतले. त्या दहांतले रॉबर्ट मॅकनमारा 1960 मध्ये आणि आर्जे मिलर 1963 मध्ये फोर्डचे अध्यक्ष झाले. मॅकनमारांनी पुढे संरक्षणमंत्री म्हणून व्हिएतनामचे युद्धही आकड्यांत मोजायचा प्रयत्न केला आणि ते देशाला महागात पडले, पण तो निराळा विषय. मला यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की हे दहा जण कंपनीच्या दारात उभे राहिले तेव्हा कंपनीची भाषा त्यांना आधीच येत होती. ती त्यांना फौजेनेच शिकवली होती.

आपल्याकडची गोष्ट मला त्याहून रंजक वाटते. इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर हेन्ली येथे उद्योग आणि सरकारातल्या वरिष्ठांसाठी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज निघाले. नाव आणि पद्धत, दोन्ही लष्करी स्टाफ कॉलेजवरून घेतलेली. आठ-दहा जणांचा एक गट, त्याला म्हणायचे सिंडिकेट; गटापुढे एक प्रश्न टाकायचा, आळीपाळीने एकाने नेतृत्व करायचे आणि शेवटी सर्वांपुढे उत्तर मांडायचे. आपले जे मित्र वेलिंग्टनला जाऊन आले आहेत, त्यांना हे वाचून हसू येईल. हेन्लीच्या धर्तीवर 1956 मध्ये हैदराबादला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया स्थापन झाले. त्याचे पहिले प्राचार्य कोण, तर नुकतेच लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झालेले, कोल्हापुरात जन्मलेले जनरल सत्यवंत श्रीनागेश. भारतातल्या कारखान्यांच्या आणि खात्यांच्या वरिष्ठांना कारभार शिकवायला एक सेनापती बसला होता, आणि तोही अहमदाबाद-कलकत्त्याच्या आयआयएम निघण्याच्या चार-पाच वर्षे आधी. "फौजवाल्यांना मॅनेजमेंट काय कळणार?" असे कोणी म्हटले की मी हा दाखला पुढे करतो.

दुसरा दाखला लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत यांचा. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे हे अधिकारी. 1941 मध्ये ॲबिसिनियाच्या मोहिमेत सलग चार दिवस, 55 मैलांच्या रस्त्यावर त्यांनी 15 सुरुंगक्षेत्रे साफ केली. स्फोटात कानाचा पडदा फाटला तरी ते थांबले नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लष्करप्रमुखपद मात्र हुकले. 1974 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांना दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचे अध्यक्ष नेमले. धरणे, वीज केंद्रे, कामगार संघटना आणि सततची वीजटंचाई, असा तो संसार. वर्षही पुरे व्हायच्या आत, मे 1975 मध्ये त्यांचे निधन झाले; पण तेवढ्या काळात वीजनिर्मिती सुधारली, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केले.

मात्र ही झाली जनरलांची कथा. त्यांना बोलावणी येतात. कॅप्टन आणि मेजर यांचे काय?

1962 च्या युद्धानंतर फौज भराभर वाढवायची होती. पुण्यात आणि मद्रासला प्रशिक्षण शाळा उघडून हजारो तरुणांना इमर्जन्सी कमिशन दिले गेले. त्यातले कित्येक 1965 ला लढले. पुढे गरज सरली तशी बहुतेकांना टप्प्याटप्प्याने मोकळे केले. सरकारी सेवांत त्यांच्यासाठी काही जागा राखल्या गेल्या. पुष्कळ जण आयएएस, आयपीएसमध्ये गेले आणि चांगले चमकले. खाजगी उद्योगाकडे जाणारी पायवाट मात्र कोणी आखून दिली नाही. ज्याचा मामा कारखान्यात त्याला नोकरी, बाकीच्यांना 'सिक्युरिटी ऑफिसर' ही एकच पाटी. वीस-पंचवीस वर्षे ती पाटी हलली नाही. एका पिढीवर हा अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट रुंदावली ती 1991 नंतर. नव्या कंपन्यांना गोदामे, वाहतूक, मोठे प्रकल्प सांभाळणारी माणसे हवी होती. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाने व्यवस्थापन संस्थांशी करार करून निवृत्त होऊ घातलेल्या अधिकाऱ्यांसाठी 24 आठवड्यांचे वर्ग सुरू केले. अहमदाबाद, लखनौ, इंदूरच्या आयआयएम आणि मुंबईची जमनालाल बजाज संस्था त्यात आल्या. शुल्काचा मोठा वाटा सरकार उचलते. 2004 मध्ये माजी सैनिकांसाठी मंत्रालयात स्वतंत्र विभागही झाला.

मीही असा सहा महिन्यांचा वर्ग केला. ताळेबंद वाचायला तिथे शिकलो. फौजेत बजेट मिळते, ते मार्चअखेर संपवायचे असते. कंपनीत पैसा कमवायचा असतो आणि उधारी वेळेत वसूल करायची असते, हा फरक डोक्यात बसायला पहिला महिना गेला. जे तिथे शिकवले नाही ते बाहेर शिकावे लागले. पगाराची घासाघीस हा त्यातला पहिला धडा. आयुष्यात कधी पगार मागितलेला नाही, तो रँकबरोबर यायचा! दुसरा धडा बायोडेटाचा. माझ्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी 'कंपनी कमांडर' वाचून विचारले, "कुठली कंपनी? टर्नओव्हर किती होता?" मी म्हटले, "सव्वाशे माणसे, आणि टर्नओव्हर शून्य." नोकरी मिळाली नाही.

गेली काही वर्षे मी धाकट्या बॅचच्या मुलांचे बायोडेटा दुरुस्त करतो. 'रसद पुरवठा अधिकारी' असे न लिहिता, रस्ता सहा महिने बंद असणाऱ्या ठिकाणी किती माणसांचे धान्य, रॉकेल आणि औषधे किती आधी पोहोचवली, ते लिहायला लावतो. पदके शेवटच्या ओळीत. 'शिस्तप्रिय' हा शब्द खोडतो. तो वाचून मालक पहारेकरीच डोळ्यांपुढे आणतो. मुलांना हे सुरुवातीला झोंबते. आठ-दहा दिवसांनी तीच मुले नवा मसुदा पाठवतात आणि तो बराच बरा असतो.

आता एक मागणे, खास सिव्हिलमधल्या मित्रांकडे. तुमच्यापैकी चाकणला, भोसरीला, नाशिकच्या अंबड वसाहतीत कारखाने चालवणारे आहेत, बँकांत मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेले आहेत. आम्हाला नोकऱ्या देऊ नका. निवृत्तीच्या आधी दोन वर्षे, रजेवर आलेल्या अधिकाऱ्याला एक दिवस तुमच्या कारखान्यात फिरवा. खरेदी खात्यात बसवा, ग्राहकाच्या शिव्या खाताना शेजारी उभा करा. दुपारचा डबा आम्ही घरून आणू. मेळाव्याच्या नोंदणी टेबलावर यासाठी एक वही ठेवली आहे. नाव आणि सोयीचा वार लिहा. फोन मी करीन.