काडी मोडली, कागद कुठे आहे?

घटस्फोट हा शब्द आमच्या वस्त्यांत फार उशिरा आला. काडीमोड मात्र पिढ्यान्‌पिढ्या होता. नवऱ्याशी पटेना, मार सोसवेना, की बाई माहेरी यायची. पंच बसायचे, दोन्हीकडचे बोलणे व्हायचे, काडी मोडायची आणि संबंध तुटायचा. पुढे बाईला दुसरा घरोबा करता यायचा. त्याला कुठे पाट म्हणत, कुठे मोहतूर. ब्राह्मणी धर्मशास्त्राने लग्न हा जन्मोजन्मीचा संस्कार ठरवला, त्याच काळात कष्टकरी जातींत लग्न मोडण्याची आणि पुन्हा मांडण्याची रीत उघडपणे चालत होती.

या रीतीचा इतिहास लिहायला बसले की प्रश्न पडतो कागदाचा. काडी मोडली त्याची नोंद कुठे आहे? पंचांनी दप्तर ठेवले नाही. त्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते, कारण ते येऊ दिलेले नव्हते. साक्षीला चार माणसे असत आणि ती माणसे गेली की साक्षही जाई. उलट ज्या जातींत काडीमोड नव्हताच, त्यांच्या दानपत्रांचे, वाटणीपत्रांचे आणि धर्मनिर्णयांचे कागद गठ्ठ्यांनी उरले. आमच्या बायकांना हक्क होता पण पुरावा नव्हता, ही गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही.

राज्यसत्तेने या रीतीची दखल घेतली ती पैशासाठी. मराठेशाहीत पाट लावण्यावर पाटदाम नावाचा कर होता. बाईने का सोडले, तिच्यावर काय गुदरले, हे सरकारला लिहून ठेवावेसे वाटले नाही. रक्कम जमा झाली एवढे जमाखर्चात आले. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा केल्या. त्याचा ग्रंथ 1827 साली निघाला. त्यात पाट आणि सोडचिठ्ठी यांची माहिती आहे. पण ती जातवार नियमांची यादी आहे. त्या नियमांखाली जगलेली एकही बाई आपल्या तोंडाने त्यात बोलत नाही.

पुढे इंग्रजी कोर्टे स्थिरावली आणि या तोंडी हक्काला उलटा मार बसला. 1876 साली संभू रघू याच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने ठरवले की, लग्न रद्द झाल्याचे जाहीर करण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. म्हणजे पंचांपुढे मोडलेले लग्न कोर्टात शाबूत! दुसरा घरोबा केलेली बाई एका रात्रीत गुन्हेगार ठरण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर आठ वर्षांनी रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने नांदायला येण्याचा दावा लावला. 1887 साली कोर्टाने त्यांना नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असे सांगितले. 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई शिकलेल्या होत्या, वर्तमानपत्रात लिहू शकत होत्या. म्हणून त्यांचा शब्द आज आपल्याला वाचता येतो. त्याच कोर्टाच्या सावलीत ज्या निरक्षर बायका उभ्या राहिल्या, त्यांचा शब्द दुभाष्या, कारकून आणि वकील यांच्या हातून गाळून आला.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरचा विचार केला पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 ते 1920 या काळात स्त्रियांविषयीचे कायदे एकामागून एक केले. 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा झाला. पाठोपाठ मिश्रविवाहाला मान्यता, स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध आणि काडीमोड यांचे कायदे आले. 1920 साली जोगत्या-मुरळी सोडण्याविरुद्धचा कायदा झाला. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि महार वतनाचा निर्णय हेही याच वर्षांतले. शाहू महाराजांचे चरित्र सांगताना आपण राखीव जागा आणि माणगाव परिषद यांवर भर देतो, आणि ते योग्यच आहे. पण या कायद्यांत आणखी एक मोठा विचार दडलेला आहे. पुनर्विवाहाची नोंद करा, असे जेव्हा राजा सांगतो, तेव्हा तो बाईच्या आयुष्यातली घटना पंचांच्या आठवणीतून काढून सरकारी वहीत आणतो. तिच्या हातात पुरावा येतो. मुंबई इलाख्याने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला तो 1947 साली. त्याआधी पाव शतकापेक्षा जास्त काळ करवीर दरबाराने हा प्रश्न राज्याचा मानला होता.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झगडत होते. घटस्फोटाने हिंदू समाज बुडेल, असा ओरडा होत होता. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, ज्यांना शूद्र म्हणतात त्या बहुसंख्य समाजात घटस्फोटाची रूढी आहेच. मूठभरांची चाल सगळ्यांचा धर्म म्हणून लादता येणार नाही. सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने अखेर घटस्फोट दिला आणि कलम 29 मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोटही राखून ठेवला.

पण राखून ठेवला म्हणजे काय केले? अशी रूढी आपल्या समाजात दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी चालत आली आहे, हे सांगणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे. 2002 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, रूढीचा घटस्फोट स्पष्टपणे मांडून शाबीत करावा लागतो. ज्यांना लिहू दिले नाही त्यांच्याकडे अखंड रिवाजाचा पुरावा मागायचा! त्यातही बौद्धांची कोंडी निराळी. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. 1956 नंतर ज्याने जात टाकली, त्याने काडीमोड शाबीत करायला त्याच जातीच्या जुन्या पंचांना साक्षीला बोलवायचे काय? म्हणून आमच्या मुलींनी कोर्टाचा हुकूमनामा घेणे हाच आज खरा मार्ग आहे. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीची सही घेतली की सोडचिठ्ठी झाली, असे अजून कितीजण समजतात! त्या कागदावर दुसरे लग्न केले, तर ते कायद्याने टिकत नाही आणि भोग बाईच्या वाट्याला येतो.

आता कागद मिळवायचा कसा, तेही सांगितले पाहिजे. कारण हा इतिहास लिहिणाऱ्याला आणि जगणाऱ्या बाईला एकाच दारात जावे लागते. दावा कोणत्या कोर्टात चालला, कोणत्या वर्षी, विवाह अर्जाचा नंबर काय आणि लग्नाच्या वेळची दोघांची नावे काय, एवढे हाती असेल तर नक्कल विभागात अर्ज करून, कोर्ट फी भरून सही-शिक्क्याची नक्कल मिळते. नंबर ठाऊक नसेल तर वर्षावरून रजिस्टर शोधावे लागते. पक्षकाराला नक्कल हक्काने मिळते. त्रयस्थाला कारण सांगून कोर्टाचा हुकूम घ्यावा लागतो. आणि एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी: हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना मोफत द्यायची आहे. पुढे पेन्शनला, रेशनकार्डाला, दुसऱ्या लग्नाला हाच कागद लागतो.

जुन्या नोंदींसाठी मात्र भूगोल समजावा लागतो. आजचा कोल्हापूर जिल्हा जुन्या संस्थानाएवढा नाही. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते. कुरुंदवाड हे निराळे संस्थान होते. इचलकरंजी, कागल, विशाळगड, बावडा या जहागिऱ्यांचा कारभार वेगळा. ज्या गावची बाई, त्या गावावर तेव्हा कोणाचा अंमल होता, हे पाहिल्याशिवाय दप्तर सापडत नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानी कागद आहेत. जुने कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारी दलित मुले-मुली किती, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा राहत नाही. शिवाय कोर्टातले सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत. किरकोळ समजलेले कागद मुदतीनंतर नष्ट होतात. निकाल उरतो, अर्जातली बाईची कैफियत जाते.

रूढीचे गोडवे गाण्याचा हा खटाटोप समजू नये. पंच पुरुषच असत. दंड त्यांच्याकडे जाई, लग्नाचा खर्च बाईच्या बापाकडून वसूल होई, आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकले जाई. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली कायदा करावा लागला, तो उगीच नाही. काडीमोडात बाईला वाट होती, पण त्या वाटेवर नाकेही होते. दोन्ही गोष्टी लिहिल्या तरच तो आपला इतिहास होईल.

यासाठी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातल्या वृद्ध स्त्रियांना विचारावे. काडी कोणी मोडली, पंच कोण होते, दंड किती पडला, पोरे कोणाकडे राहिली, हे त्यांच्याच बोलीत टिपून घ्यावे. मात्र कायद्याने घटस्फोटाच्या कामकाजाला गोपनीयता दिली आहे. कोर्टातला मजकूर छापायचा नसतो, आणि कोर्टाबाहेर सांगितलेल्या गोष्टीतही बाईचे नाव तिच्या परवानगीशिवाय छापू नये. तिने आयुष्यभर चारचौघांत झेलले, तेवढे पुरे. या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्यामागे कोणत्याही रेकॉर्ड रूममध्ये त्यांची फाईल सापडणार नाही. हे टिपण याच वर्षी, आपल्या गल्लीपासून सुरू झाले पाहिजे.