इंग्लंडने गमावलेला मास्तर

वाचकहो, फुटबॉलचे माहेर इंग्लंड, हे आपणांस ठाऊक आहे. त्या माहेरीच १९५३ च्या नोव्हेंबरच्या २५ तारखेला एक नवल घडले. लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने सहा गोल केले, इंग्लंडला तीनच करता आले. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून घरच्या मैदानावर इंग्लंडची ही पहिलीच हार! आणि गंमत पाहा, हंगेरीच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष सांडोर बार्च यांनी श्रेय दिले ते एका इंग्रजाला. आम्हांला जे येते ते जिमी होगनने शिकविले, असे ते म्हणाले.

कोण हा होगन? लँकेशायरमधील नेल्सन गावी १८८२ साली जन्मलेला. बर्नली, फुलहॅम, बोल्टन या क्लबांकडून खेळला. खेळाडू म्हणून बरा, पण फार मोठा नव्हे. त्याला एक खोड मात्र होती, ‘का?’ असे विचारण्याची. बर्नलीला असताना एकदा त्याने मारलेला चेंडू गोलच्या वरून गेला. त्याने मॅनेजरला विचारले, माझा पाय चुकीचा पडला की तोल गेला? उत्तर मिळाले, मारीत राहा, दहांत एक लागला तरी पुष्कळ. शिक्षकबंधूंनो, असले उत्तर शाळांतूनही ऐकू येते, नाही का?

त्या काळी इंग्लंडात आठवडाभर खेळाडूंना नुसते पळवीत, चेंडू फारसा देत नसत. उपाशी ठेवले म्हणजे शनिवारी चेंडूवर तुटून पडतील, ही समजूत! होगनचे म्हणणे उलटे. चेंडू कसा थांबवावा, जमिनीसरसा सोबत्याकडे कसा द्यावा, हे सरावातच शिकले पाहिजे. आणि ते तो स्वतः करून दाखवी.

१९१० साली हॉलंडमधील डॉर्ड्रेख्तला तो शिकवायला गेला. १९१२ साली ह्यूगो मायस्लने त्याला व्हिएन्नास बोलाविले. तेथे असतानाच १९१४ चे महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून त्याला अटक झाली. बायकामुले इंग्लंडला परतली, हा मागे राहिला. पुढे बुडापेस्टच्या एम.टी.के. क्लबने त्याला आपल्याकडे नेले. आपला देश ज्यांच्याशी लढतो आहे त्यांच्याच पोरांना हा चेंडू शिकवीत होता. १९१७ आणि १९१८ साली एम.टी.के. हंगेरीत अजिंक्य ठरला.

युद्ध संपल्यावर होगन लंडनला फुटबॉल संघटनेकडे मदत मागायला गेला. युद्धामुळे अडचणीत आलेल्या खेळाडूंसाठी तेथे निधी होता. त्याच्या हाती पडले खाकी पायमोजे! आघाडीवरच्या जवानांना आम्ही हेच पाठविले, असे त्याला ऐकविण्यात आले. ही हकीकत होगन स्वतः सांगे. त्याने तलवार चालविली नव्हती, पण तो हौसेने का तिकडे राहिला होता? कैदी होता बिचारा.

तो पुन्हा युरोपात गेला. जर्मनीत ड्रेस्डेनला त्याच्या हाताखाली शिकलेला हेल्मुट शोन पुढे पश्चिम जर्मनीचा प्रशिक्षक झाला आणि १९७४ साली त्याच्या संघाने विश्वचषक जिंकला. १९३४ साली फुलहॅमने होगनला मॅनेजर नेमले खरे, पण काही महिन्यांतच काढूनही टाकले. अनुभवी खेळाडूंना शिकवणी कशाला, असे तेथे वाटत होते म्हणे! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मात्र त्याच्या शिकवणीखालचा ऑस्ट्रियाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला.

वेम्बलीच्या त्या दिवशी एकाहत्तर वर्षांचा होगन प्रेक्षकांतच बसला होता. शेजारी ॲस्टन व्हिला क्लबची तरुण पोरे होती. हंगेरीचा खेळ दाखवायला त्यांना तो घेऊन आला होता.