जायफळाचा वास कोणाचा? एका डिसेंबरी बिस्किटाचा इतिहास

गेल्या खेपेला आपण मिठावर बोललो. आज एका बिस्किटावर बोलायचंय. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाने बिस्किटावर व्याख्यान द्यावं, याचं काहींना नवल वाटेल. पण या बिस्किटाने आम्हाला एक प्रश्न घातला, आणि तो सहजासहजी सुटेना. म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं डिसेंबरात नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तला मुलीकडे होतो. दुपारी साडेचारलाच बाहेर अंधार. पाच डिसेंबरच्या संध्याकाळी तिकडे संत निकोलसचा सण असतो. मुलं त्याला सिंटरक्लास म्हणतात. त्याची वाट बघत चुलीपाशी नाहीतर दारापाशी बूट ठेवतात, त्यात खाऊ मिळतो. त्या दिवशी मुलीने ओव्हनमध्ये स्पेक्युलास नावाची बिस्किटं भाजायला ठेवली होती. घरभर वास सुटला, आणि आमच्या सौ. म्हणाल्या, "अगंबाई, हा तर पुरणाचा वास!" आठ वर्षांच्या नातीने लगेच दुरुस्ती केली, "नाही आजी, हा सिंटरक्लासचा वास आहे." आजी म्हणे होळीचा, नात म्हणे डिसेंबरचा. दोघीही हटेनात.

वास होता जायफळाचा. आणि आमचं म्हणणं असं की दोघींचंही बरोबर होतं, तरी दोघींचंही अपुरं होतं. का, ते आता बघू.

आधी बिस्किट समजून घेऊ. मैदा, लोणी, गडद रंगाची ओलसर साखर आणि मसाला. मसाल्यात दालचिनी सगळ्यांत जास्त. मग लवंग आणि जायफळ. शिवाय थोडी सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी. पीठ मळून रात्रभर गार जागी ठेवतात, म्हणजे मसाला मुरतो. मग ते कोरीव लाकडी साच्यात दाबून बसवतात, वरचं जास्तीचं पीठ कापून काढतात, आणि साचा उलटा करून आपटतात. साच्यात बिशप असतो, पवनचक्की असते, जहाजही असतं. आम्ही पुण्याला परत आल्यावर हौसेने मोदकाच्या साच्यात प्रयोग केला. पीठ असं चिकटलं की शेवटी सुरीच्या टोकाने उकरावं लागलं. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, साच्याला आधी तांदळाची पिठी लावायची." म्हणजे उपाय आपल्याच स्वयंपाकघरातला, आणि तो आम्हाला उत्रेख्तहून कळला!

आता मसाल्याची यादी पुन्हा आठवा. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलदोडा, मिरी. यातली एकही गोष्ट नेदरलँड्सच्या मातीत उगवत नाही. तरीही थंडीतल्या सणाचा हाच 'घरचा' वास. हे कसं झालं?

त्यासाठी जरा मागे, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला जावं लागेल. तिथे लेबकूखन नावाचं मधाचं मसालेदार बिस्किट होतं. शहराभोवती मोठं शाही जंगल, त्यात मधमाश्या पाळणाऱ्यांना खास हक्क दिलेले. म्हणजे मध दारात. मसाला मात्र व्हेनिसहून आल्प्स ओलांडून यायचा, आणि व्हेनिसला तो अरब व्यापाऱ्यांच्या हातून. न्यूरेंबर्गच्या कागदपत्रांत लेबकूखन भाजणाऱ्या कारागिराचा उल्लेख १३९५ सालचा आहे. या बिस्किटाचं एक जुनं नाव पेफरकूखन, म्हणजे मिरीचं केक. त्यात मिरी असेलच असं नाही. मिरी हा शब्दच तेव्हा सगळ्या परदेशी मसाल्यांसाठी वापरत. आणि डच भाषेत फार महाग वस्तूला आजही 'मिरीइतकी महाग' अशा अर्थाचा शब्द आहे.

थंडीतच हे का खायचं? तेव्हाच्या युरोपीय वैद्यकात थंडी म्हणजे शीत आणि ओलसर, मसाले उष्ण आणि कोरडे. तेव्हा थंडीत मसाला खावा. आपण हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात सुंठ आणि जायफळ घालतो, त्यामागेही असाच विचार. इथवर गोष्ट गोड आहे. दूरच्या दोन समाजांनी एकाच ऋतूला सारखंच उत्तर दिलं, एवढंच म्हणून थांबता आलं असतं.

पण मसाला नुसता येत नाही, त्याला कोणीतरी आणावं लागतं. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द अल्मेडा याचं मोठं पोर्तुगीज आरमार निघालं. त्यात जर्मन व्यापाऱ्यांचे पैसे गुंतले होते, आणि त्यांत न्यूरेंबर्गची इमहोफ आणि हिर्शफोगेल ही घराणीही होती. या आरमाराने भारताच्या किनाऱ्यावर पहिला किल्ला बांधायला घेतला तो कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर, जे आज गोव्याच्या हद्दीत आहे. बघा, लेबकूखनच्या शहरातला पैसा आपल्या किनाऱ्याला कुठे येऊन लागला ते.

तरी जायफळाचं मूळ भारतात नव्हतंच. जायफळ आणि जायपत्री ही एकाच फळातली दोन द्रव्यं. आत बी असते ते जायफळ, तिच्यावरचं लाल जाळीदार आवरण ती जायपत्री. आपल्याकडे जातीफळ हे नाव आयुर्वेदात फार जुनं आहे. माल येत होता, खाल्ला जात होता, पण झाड वाढत होतं ते आजच्या इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या मूठभर बेटांवर. सतराव्या शतकापर्यंत साऱ्या जगाचं जायफळ तिथूनच यायचं. तिथल्या लोकांचा राजा नव्हता. गावोगावचे प्रतिष्ठित वडीलधारे कारभार बघत. जावा, मलाक्का, गुजरात इकडून व्यापारी येत, तांदूळ आणि कापड देत, जायफळ नेत.

१६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. जायफळ फक्त आपल्यालाच विकावं, असे करार कंपनीने बांदाच्या लोकांकडून करून घेतले. पण त्या बेटांवर भाताची शेती नव्हती. तांदूळ आणणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं तर खायचं काय? लोकांनी इतरांना माल विकणं चालूच ठेवलं. कंपनीच्या भाषेत हा करारभंग. १६२१ मध्ये गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून स्वतः आरमार घेऊन आला. आठ मे या दिवशी चव्वेचाळीस वडीलधाऱ्यांना मारण्यात आलं. तलवारी चालवल्या त्या कंपनीच्या पगारावरच्या जपानी शिपायांनी. पुढच्या काही महिन्यांत कत्तल, उपासमार, गुलामी आणि पळापळ यांत सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले फार थोडे उरले. मग बेटं अडुसष्ट बागांत वाटली, बागा कंपनीच्या माणसांना दिल्या, आणि झाडांवर राबायला आशियाच्या ठिकठिकाणाहून गुलाम आणले.

याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. तिचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. बांदा नकाशावर लांब दिसतं, पण तो कारभार आपल्या किनाऱ्यावरूनही चालत होता.

आता उत्रेख्तच्या त्या ओव्हनकडे परत या. त्या वासाला सणाचं रूप आलं, त्यात बांदाचाही वाटा आहे. आणि इथेच आमचा प्रश्न उभा राहतो. हे कळल्यावर नातीच्या हातातलं बिस्किट कडू व्हावं का?

एक उत्तर असं की चारशे वर्षं झाली, आता कशाला उकरायचं? दुसरं उत्तर असं की हा सणच रक्ताने माखलेला आहे, सोडून द्या. आम्हाला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. दोन्हींत विचार करायचं काम टळतं. पहिल्यात विसरून, दुसऱ्यात हात झटकून.

आणि दुसरं उत्तर देणाऱ्याने आपल्या ताटाकडेही बघावं. सतराव्या-अठराव्या शतकात इकडे ज्यांच्या घरी जायफळ येत होतं, ते तरी कुठून येत होतं? बांदाचं खोड कंपनीच्या मुठीत होतं, तेव्हा पुरणातलं जायफळही तिथलंच. आमच्या सौ. ज्याला पुरणाचा वास म्हणाल्या, त्यालाही हाच इतिहास चिकटलेला आहे. फरक एवढाच की हत्यार आपल्या हातात नव्हतं. पण वास घेताना आपणही कधी विचारलं नाही.

तत्त्वज्ञानात आम्ही मुलांना एक फरक नेहमी सांगायचो. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. दोष करणाऱ्यालाच लागतो, तो वारशाने येत नाही. आठ वर्षांच्या मुलीवर १६२१ चा दोष टाकणं हा अन्यायच. जबाबदारी मात्र वारशाने येऊ शकते. कारण जो वारसा आपण चवीने घेतो, त्याचा हिशोब ठेवायचा की नाही, हे आज आपल्या हातात असतं.

हा हिशोब हॉलंडमध्ये कसा चाललाय तेही सांगतो. होर्न हे कूनचं गाव. तिथे चौकात १८९३ साली त्याचा पुतळा उभारला. २०११ मध्ये क्रेनचा धक्का लागून तो खाली पडला. परत उभा करावा की नाही यावर गावात मोठा वाद झाला. शेवटी पुतळा परत उभा राहिला, पण त्याच्या माहितीफलकावर आता त्याच्या कृत्यांवरची टीकाही लिहिलेली आहे. हे पुरेसं आहे की नाही यावर तिथे अजून भांडण चालतं. आम्हाला ते भांडण निरोगी वाटतं.

मक्तेदारीचं पुढे काय झालं? जी टिकावी म्हणून एवढं रक्त सांडलं, ती टिकली नाही. १७७० मध्ये प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसाच्या खटपटीने लवंग-जायफळाची रोपं चोरून मॉरिशसला पोचली. पुढे इंग्रजांनी रोपं इतरत्र नेली. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाच्या झेंड्यावर आज जायफळ आहे. आपल्या केरळात आणि कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांतही जायफळ होतं. म्हणून तर आज ते तुमच्याआमच्या डब्यात सहज असतं.

आणि बांदाचे लोक? काहीजण होड्यांतून पळून काई बेटांवर गेले. तिथल्या दोन गावांत त्यांचे वंशज आजही राहतात, आणि आजही बांदाची मूळ भाषा बोलतात. मूळ बेटांवरून ती भाषा गेली. ज्यांनी सगळं गमावलं त्यांनी ती चारशे वर्षं जपली, आणि ज्यांना सुगंध मिळाला ते विसरले. आम्हाला हा प्रश्न सुटेना म्हटलं, तो या जागी अडतो.

त्या रात्री नातीला आम्ही कत्तलीची गोष्ट सांगितली नाही. आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं याला वेळ असते. एवढंच म्हणालो की हे जायफळ फार लांबच्या एका बेटावरचं झाड आहे, तिथल्या लोकांची एक भाषा आहे, आणि ती बोलणारी माणसं अजून आहेत. तिने विचारलं, "त्यांच्याकडे सिंटरक्लास जातो का?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. परवा फोनवर तिने पुन्हा बांदाचं नाव काढलं. आता ती मोठी झाली आहे, शाळेत इतिहास शिकते. या खेपेला सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बिस्किटं तरीही करायची ना?" आम्ही म्हटलं, करायची. पण करताना हे नाव घ्यायचं.

पुढच्या होळीला पुरणात जायफळ किसताना तुम्हीही ते नाव एकदा घ्या, एवढीच विनंती. आज इथे थांबतो.