स्पितीच्या मातीच्या भिंती आणि कल्याणमित्रांची वाट

हिमाचल प्रदेशात, तिबेटच्या सीमेलगत, स्पिती नदीचे खोरे आहे. पावसाळी ढग दक्षिणेकडील पर्वतरांगांवर अडत असल्याने येथे पाऊस नाममात्र आणि वृक्ष विरळ आढळतात. लाहौलकडून येणारी कुंझुमची खिंड १५,००० फुटांच्या आसपास उंच असून ती हिवाळ्यात हिमाने बंद होते. अशा प्रदेशास आपण सहज ‘दुर्गम’ म्हणतो. परंतु दुर्गमता ही नेहमी कोणत्या तरी ठिकाणापासून मोजली जाते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. आपल्याकडे जुन्नरची लेणी आज आडवाटेला वाटतात. ती खोदली गेली तेव्हा कोकणातून घाटमाथ्यावर येणारा नाणेघाटाचा व्यापारी मार्ग त्यांच्या जवळूनच जात होता. स्पितीचीही कथा काहीशी अशीच आहे.

या खोऱ्याकडे सतलजच्या काठाने किन्नौरमधून जावे, म्हणजे प्रवासाला इतिहासाचा क्रम लाभतो. वाटेवर कानम हे गाव लागते. येथील मठात चोमा द कोरोश हा हंगेरियन पंडित १८२७ ते १८३० या काळात राहिला आणि त्याने तिबेटी ग्रंथांचे अध्ययन केले. त्याचा तिबेटी कोश व व्याकरण १८३४ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. आधुनिक तिबेटी विद्येचा पाया अशा रीतीने या पर्वतराजीत घातला गेला. पुढे खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तेथून नदीच्या वरच्या अंगाला गेल्यावर, १०,००० फुटांहून अधिक उंचीवर, ताबो हे गाव येते.

नवव्या शतकाच्या मध्यास तिबेटचे साम्राज्य मोडले. त्या राजकुलातील वंशज पश्चिमेकडे आले आणि तेथे पुरंग व गुगे येथील राज्ये उदयास आली. स्पिती याच राज्याचा भाग होते. तेथील राजा येशे-ओ याने इ.स. ९९६ मध्ये ताबोचा विहार स्थापिला. त्यानंतर ४६ वर्षांनी त्याच्याच कुळातील चांगछुब-ओ याने विहाराचे नूतनीकरण केले. ही माहिती सभागृहातील भिंतीवरच लिहिलेली आहे. येशे-ओ याने तरुणांना विद्याध्ययनासाठी काश्मीरला पाठविले, त्यांपैकी बहुतेक प्रवासातच मृत्यू पावले, असे तिबेटी परंपरा सांगते. जे परतले त्यांत रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) हा महान अनुवादक होता. भारतीय पंडितांच्या साहाय्याने त्याने अनेक संस्कृत ग्रंथ तिबेटीत आणले. ताबो त्या काळी जगाच्या टोकाला नव्हते. काश्मीर आणि पश्चिम तिबेट यांच्यामधील विद्येच्या देवघेवीच्या वाटेवर ते उभे होते.

सभागृहात शिरल्यावर वज्रधातुमंडलाच्या तीसहून अधिक मूर्ती भिंतींवर व मध्यभागी दिसतात. त्या माती व चुन्याच्या लेपाने घडविलेल्या आहेत. वैरोचन चतुर्मुख रूपात चारही दिशांना पाहतो. परंतु आमचे लक्ष अधिक वेधते ती मूर्तींच्या खालची चित्रपट्टी. प्रदक्षिणेत दक्षिणेच्या भिंतीवर प्रथम गंडव्यूहसूत्रातील सुधनाची यात्रा येते, नंतर उत्तरेच्या भिंतीवर भगवान बुद्धांचे चरित्र. सुधन हा श्रेष्ठिपुत्र. त्याचे धन्याकर नगर म्हणजे आंध्रातील धान्यकटक, असे अनेक विद्वान मानतात. ज्ञानाच्या शोधात तो सुमारे पन्नास कल्याणमित्रांना भेटतो. त्यांत भिक्षू आहेत, श्रेष्ठी आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, नाविक आहे, वाळूत खेळणारा बालक आहे आणि वसुमित्रा ही गणिकाही आहे. प्रत्येक जण आपल्यापाशी आहे तेवढे देतो आणि पुढच्याचा पत्ता सांगतो. दक्षिण भारतात हिंडणाऱ्या या यात्रिकाची कथा हिमालयातील मातीच्या भिंतीवर तिबेटी मजकुरासह उमटावी, हे लक्षणीय होय.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे संयुत्तनिकायातील उपड्ढसुत्त आठवल्यावाचून राहत नाही. कल्याणमित्रता हे अर्धे ब्रह्मचर्य होय, असे आनंद म्हणतो. तथागत त्यास थांबवून सांगतात की ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे. गंडव्यूह महायानी सूत्र आहे, निकाय स्थविरवादी परंपरेचे. तथापि या एका जागी दोन्ही परंपरा एकाच निष्कर्षावर येतात. विहाराच्या प्रवेशमंडपात येशे-ओ, त्याचे पुत्र नागराज व देवराज, तसेच भिक्षू व उपासक-उपासिका यांची चित्रे नावांसह आहेत. आपल्या लेण्यांतील दानलेखांप्रमाणेच येथेही धम्म राजाज्ञेने नव्हे, तर माणसांच्या हातांनी टिकल्याची साक्ष मिळते. हजारो हस्तलिखित पानेही ताबोने जपली.

पुढे ढंखर येते. स्पिती व पिन नद्यांच्या संगमावरील कड्यावर ते वसले असून एके काळी ते खोऱ्याचे राजधानीचे ठाणे होते. पिन खोऱ्यात न्यिंगमा, कोमिक येथे साक्य, तर ताबो व की येथे गेलुग परंपरा नांदते. एका छोट्या खोऱ्यातील हे सहअस्तित्व अभ्यासण्याजोगे आहे.

१९ जानेवारी १९७५ च्या भूकंपात ताबोलाही हानी पोहोचली. तरी प्राचीन विहार टिकला. १९८३ मध्ये जवळच नवे सभागृह उभारले गेले. १९९६ मध्ये विहाराची हजार वर्षे पूर्ण झाली तेव्हा दलाई लामांनी येथे कालचक्र दीक्षा दिली. मात्र या भिंती व सपाट छप्परे कच्च्या मातीची आहेत. भूकंप सोसणाऱ्या मातीला पाझरणारे पाणी सोसत नाही. कोरड्या हवेने जे हजार वर्षे राखले ते अवकाळी पावसात एका मोसमात धुऊन जाऊ शकते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षण आवश्यक आहेच. तथापि छपरावरील बर्फ वेळीच उतरविणारे आणि उन्हाळ्यात पुन्हा माती लिंपणारे स्थानिक हात त्याहून मोलाचे होत.

आता मोटाररस्त्याने ताबोला सहज पोहोचता येते. जाणाऱ्याने सुधनाप्रमाणे विचारीत जावे, हेच त्या चित्रपट्टीचे सांगणे दिसते. सुधन कोठेही केवळ पाहावयास जात नाही.