उड्डाणतासांचा हिशेब आणि हाताची सवय

अमेरिकेत स्वतःचे छोटे विमान बाळगणारा माणूस विमा उतरवायला जातो तेव्हा त्याच्यापुढे येणाऱ्या फॉर्मवर विमानाची किंमत, मॉडेल आणि साल यांच्या जोडीला दोन आकडे हटकून मागितलेले असतात: वैमानिकाचे एकूण उड्डाणतास किती आणि त्यांतले याच जातीच्या विमानावर किती. आपल्याकडे गाडीच्या विम्याला गाडीची किंमत आणि मागच्या वर्षी क्लेम केला की नाही एवढे पुरते. पावसाळ्यात रात्रीचा आंबेनळी घाट किती वेळा उतरलात, हे कुणी विचारत नाही. तिकडे जवळजवळ तेच विचारतात आणि उत्तरावर हप्ता ठरतो, कधी पॉलिसी मिळणार की नाही हेही ठरते. तसे पाहिले तर तिथला केंद्रीय कायदा खासगी विमानमालकावर विम्याची सक्ती करत नाही. पण विमान कर्जावर घेतलेले असले की बँक पॉलिसी मागते. त्यामुळे कोणी काय शिकून उडायचे हे ठरवण्यात सरकारी नियमापेक्षा विमाकंपनीच्या अटींचे वजन पुष्कळदा जास्त राहिले. माझे म्हणणे असे की या धंद्याने कित्येक दशके जे मोजले ते अपुरे होते आणि काही बाबतींत उलटेच होते. काय मोजायला हवे, हे त्याला विमानमालकांच्या संघटनांनी दाखवून दिले, तेही बरेच जीव गेल्यावर.

हवेतल्या जोखमीची विमेवाल्यांना पहिल्यापासून धास्ती होती. लंडनच्या लॉइड्सने 1911 मध्ये विमानाची पॉलिसी लिहिली आणि पुढच्याच वर्षी अपघात पाहून हात आखडता घेतला. अमेरिकेत 1928 मध्ये डेव्हिड बीब आणि पहिल्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक रीड चेंबर्स यांनी अनेक विमाकंपन्यांना एकत्र आणून विमानविम्याचा समूह उभा केला, तेव्हा कुठे या धंद्याला बूड आले. वैमानिकाची पारख करण्याचा सोपा मार्ग त्याच्या लॉगबुकातच होता. तास लिहिलेले असतात, बेरीज करता येते, पडताळता येतात. तासांवर भर देणारा अंडररायटर मूर्ख नव्हता. नव्या जातीच्या विमानावरचे पहिले काही तास धोक्याचे असतात, हे खरेच आहे. चूक होती ती एवढी एकच गोष्ट पुरेशी मानण्यात.

बीचक्राफ्ट बोनान्झा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. हे विमान 1947 मध्ये बाजारात आले. एकच इंजिन, आत ओढून घेता येणारी चाके, इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपूट आणि त्या काळाच्या मानाने भन्नाट वेग. किंमत अशी की डॉक्टर, वकील, कारखानदार यांनाच परवडावे. पुढे त्याला ‘दुभंगलेल्या शेपटीचा डॉक्टरमारू’ अशा अर्थाचे नाव पडले ते उगीच नव्हे. इलिनॉय विद्यापीठाने 1954 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तोही बोनान्झावरच केलेला. उपकरणांच्या आधाराने उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान हाकायला लावले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी 178 सेकंदांत. हा 178 चा आकडा पुढे व्याख्यानांतून इतका फिरला की प्रयोगाचा मुख्य भाग लोक विसरले. तो होता शिक्षणाचा. त्या वीस जणांना एक ठरीव क्रिया शिकवली गेली: चाके खाली सोडायची, वेग कमी करायचा, ट्रिम ठरलेल्या जागी लावायचा, सुकाणूवरचे हात काढून घ्यायचे आणि फक्त पायाने वळून आल्या दिशेला परतायचे. शिकल्यानंतरच्या 60 चाचण्यांपैकी 59 यशस्वी झाल्या. हात काढून घ्यायला शिकवणे हा त्या शिक्षणाचा गाभा होता, कारण घाबरलेल्या माणसाचे हातच विमानाला गोल फिरवत खाली नेत होते.

पाच वर्षांनी, 3 फेब्रुवारी 1959 च्या रात्री, आयोवा राज्यात क्लिअर लेकजवळ एक बोनान्झा कोसळले आणि गायक बडी हॉलीसह चौघे गेले. ते विमान भाड्याचे होते, मालकाने स्वतः चालवलेले नव्हते. पण मुद्द्याला बाध येत नाही. वैमानिक 21 वर्षांचा, एकूण 711 तास उडालेला, त्यातले 128 तास बोनान्झावर. फॉर्मवर हे आकडे लाजिरवाणे नक्कीच दिसले नसते. उपकरणांवर उडण्याचा परवाना मात्र त्याच्याकडे नव्हता, आणि ती चाचणी तो एकदा नापास झाला होता. चौकशी अहवालात एक बारीकशी गोष्ट आहे, ती मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटते. विमानात बसवलेले स्पेरी एफ-3 हे उपकरण नाक वर आहे की खाली हे नेहमीच्या कृत्रिम क्षितिजाच्या उलट दाखवत असे. नेहमीच्या उपकरणावर घटवलेली नजर घेऊन अंधारात गेलेल्या माणसाला चढण उतरण वाटावी आणि उतरण चढण. म्हणजे त्याच्या गाठीला होती ती सवयच त्या रात्री त्याच्या विरोधात गेली असावी.

हाच प्रकार जमिनीवर, विनाजीवितहानी, पण विमाकंपनीचा खिसा कापत वर्षानुवर्षे चालू होता. जुन्या बोनान्झात चाकांचे आणि फ्लॅपचे (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांचे) स्विच बहुतेक इतर विमानांच्या उलट्या बाजूंना होते: चाकांचा उजवीकडे, फ्लॅपचा डावीकडे. उतरल्यावर, धावपट्टीवर पळतानाच फ्लॅप वर घेण्याची अनेकांची सवय. हात न बघता नेहमीच्या जागी जायचा, स्विच ओढायचा, आणि फ्लॅपऐवजी चाके आत जाऊन विमान पोटावर बसायचे. प्रोपेलर वाकला की इंजिन उघडून तपासावे लागते, आणि बिल विमाकंपनीच्या नावावर. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 1980 मध्ये यावर खास अहवाल काढला आणि दोष मांडणीचा असल्याचे सांगितले; अशा घटनांत बोनान्झा आणि बीचक्राफ्टचेच बॅरन यांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फारच मोठे होते. आता पाहा: दुसऱ्या विमानांवर ज्याचे हजार तास झालेत, त्याचा हात शंभर तासवाल्यापेक्षा जास्त ठामपणे चुकीच्या स्विचकडे जाणार. फॉर्म मात्र हजार तासवाल्याला हप्त्यात सूट देत होता.

बीचक्राफ्टने 1980 च्या दशकात नव्या विमानांत स्विचांच्या जागा बदलल्या. पण नवी विमाने येत होती कुठे? उत्पादकांवरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांनी आणि त्यांच्या स्वतःच्या विम्याच्या खर्चाने धंदा बसत चालला होता. 1978 मध्ये अमेरिकी कारखान्यांतून 17,811 छोटी-मोठी खासगी विमाने बाहेर पडली होती. 1994 मध्ये 928. सेस्नाने 1986 मध्ये पिस्टन इंजिनाची विमाने बनवणे थांबवले. 1994 च्या कायद्याने 18 वर्षांहून जुन्या विमानांबाबत उत्पादकाला दाव्यांपासून संरक्षण दिले तेव्हा कारखाने थोडे सावरले. दरम्यान बाजारात फिरत राहिली ती जुनीच विमाने, जुन्याच स्विचांची. म्हणून बदलायचा तर माणूसच बदलायला हवा होता, आणि ते काम अंगावर घेतले ते 1967 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोनान्झा सोसायटीने. 1980 च्या दशकापासून तिच्या आधाराने चालणारे प्रशिक्षणवर्ग फक्त बीचक्राफ्टच्या वैमानिकांसाठी होते. त्याच विमानात, मालकाच्याच विमानात, त्याच स्विचांवर. सरकारी नियम 1974 पासून दर दोन वर्षांनी एक उजळणी मागतो. आज तिचे किमान मान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. ती कोणत्याही साध्या विमानात उरकता येते. बोनान्झावाल्याने ती मित्राच्या सेस्नात उरकली, तर कागद पूर्ण आणि हात तसाच.

यावर एक रास्त आक्षेप असा की बोनान्झाचा दोष वैमानिकाचा नव्हताच, शेपटीचा होता. त्यात तथ्य आहे. हवेत तुकडे होण्याच्या घटना व्ही-शेपटीच्या विमानांत सरळ शेपटीच्या भावंडांपेक्षा स्पष्टपणे जास्त होत्या, आणि 1987 मध्ये सरकारने शेपटीच्या बुडाशी मजबुतीचे कवच बसवणे सक्तीचे केले. ‘सगळी चूक वैमानिकाचीच’ असे वर्षानुवर्षे म्हणत आलेल्यांना ही चपराकच होती. पण अशा अपघातांची सुरुवात बहुधा ढगात ताबा सुटून वेग वाढण्याने होई. कवचाने शेपूट वाचते, 178 सेकंद वाढत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. प्रशिक्षणवर्गाला स्वतःहून पैसे भरून येणारा माणूस मुळातच सावध असतो. त्याचे अपघात कमी झाले, तर श्रेय वर्गाचे की स्वभावाचे? मालकांच्या संघटनांचे आकडे या प्रश्नापुढे लंगडे पडतात, हे मान्य करायला हवे. उत्तर मिळते ते मित्सुबिशी एमयू-2 कडून. जपानी रचनेचे, टेक्सासमधल्या सॅन अँजेलोत जोडणी झालेले हे जोड-इंजिनी टर्बोप्रॉप. त्याला डावी-उजवीकडे कलण्यासाठी नेहमीचे एलेरॉन नाहीत. पंखावर उभे राहणारे स्पॉयलर आहेत. स्पॉयलर उठला की त्या पंखाची उचल घटते. एक इंजिन बंद पडल्यावर इतर विमानांत शिकलेल्या रीतीने सुकाणू फिरवले, तर आधीच धापा टाकणारे विमान आणखी बसते. वजन 12,500 पौंडांच्या आत असल्याने वेगळ्या परवान्याची गरज नव्हती. जोड-इंजिनाचा परवाना असला की झाले. जुनी एमयू-2 स्वस्त झाली, रात्रीच्या मालवाहतुकीला लागली आणि पडत राहिली. सरकारने 1980 च्या दशकात आणि पुन्हा 2005 नंतर तपासणी केली. रचना नियमांत बसत होती. मग 2008 मध्ये खास नियम आला: एमयू-2 उडवणाऱ्या प्रत्येकाने ठरीव अभ्यासक्रमानुसार दरवर्षी प्रशिक्षण घ्यायचे, ठरलेलीच चेकलिस्ट वापरायची, आणि उजळणी एमयू-2 मध्येच करायची. सावध आणि बेफिकीर दोघेही एकाच वर्गात बसले. विमान तेच राहिले, अपघात झपाट्याने उतरले. स्वभावाच्या युक्तिवादाला यानंतर फारशी जागा उरत नाही.

मग सरकारनेच सगळ्यांना सक्ती का करू नये, विमेवाल्यांची मध्यस्थी कशाला, असे कुणी विचारील. विमाकंपनी काही सुरक्षेची विश्वस्त नव्हे, हे खरेच. तिकडच्या अनेक पॉलिसींत प्रत्येक प्रवाशामागे भरपाईची कमाल मर्यादा एक लाख डॉलर असते. म्हणजे पोटावर बसलेल्या महागड्या विमानाचे बिल एका माणसाच्या मृत्यूपेक्षा जड पडू शकते. शिवाय बाजारात स्पर्धा वाढली की अटी सैल होतात, आणि 2019 नंतर झाले तसे धंद्याचे कंबरडे मोडले की सत्तरी ओलांडलेल्या चांगल्या वैमानिकालाही दार बंद होते. तरीही प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळा नियम करायला सरकारला वर्षे लागतात. एमयू-2 च्या नियमाला पहिल्या तपासणीपासून दोन दशके लागली. पॉलिसीतली अट पुढच्या नूतनीकरणाला बदलते.

सिरस विमानांच्या बाबतीत हेच दिसले. 1999 पासून डुलुथहून येऊ लागलेल्या या विमानांत अख्ख्या विमानाला खाली उतरवणारे पॅराशूट होते, तरी सुरुवातीच्या वर्षांत पॅराशूट न ओढताच माणसे मरत होती. इंजिन बंद पडले की शेत शोधून उतरायचे, ही जुन्या शिक्षणाची सवय हात पॅराशूटच्या दांडीकडे जाऊ देत नव्हती. मालकांच्या संघटनेने लवकर ओढण्याचा सराव करून घ्यायला सुरुवात केली, विमाकंपन्यांनी सिरसचे खास प्रशिक्षण मागितले, आणि दहा-बारा वर्षांत जीवघेण्या अपघातांचे प्रमाण खासगी विमानांच्या सरासरीखाली आले. ओढलेल्या पॅराशूटनंतर विमान बहुधा भंगारात जाते. तो खर्च विमाकंपन्या भरत आल्या आहेत.

बोनान्झाच्या मालकाला आजही त्याच्याच विमानात वार्षिक सराव करण्याची कायद्याने सक्ती नाही. त्याला वर्गात आणून बसवण्याची ताकद आहे ती पॉलिसीत, आणि ती वापरायची तर फॉर्ममध्ये एकूण तासांच्या आधी एक प्रश्न यायला हवा: गेल्या बारा महिन्यांत याच विमानावर कोणाकडून काय शिकलात?