जाजमऊचे चामडे आणि गंगेचा जमाखर्च
कंपनी सरकारचा अंमल संपल्यावर लष्कराच्या खोगिरांसाठी कानपुरात वाढलेला चामडे कमावण्याचा धंदा शहरातल्या जाजमऊ भागाच्या काठाने चुना, केस आणि पुढे क्रोमियमचे क्षार गंगेत सोडीत आला. त्याचा खर्च कारखानदारांच्या खतावणीत नव्हे, तर नदीकाठच्या रयतेच्या माथी पडत होता. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने, बेकारी व महसुलाची हानी ध्यानी घेऊनही, असा निवाडा दिला की, किमान वेतन देण्याची ऐपत नसलेल्या कारखान्याप्रमाणेच प्राथमिक शुद्धीकरणाची ऐपत नसलेल्यालाही चालू राहण्याचा अधिकार नाही. हा युक्तिवाद मला निःसंशय न्याय्य वाटतो. पुढे डच साहाय्याने उभारलेल्या केंद्रात कारखान्यांचे रोजचे 90 लाख लिटर पाणी त्याच्या तिप्पट शहरी सांडपाण्यात मिसळून शुद्ध करण्याची योजना झाली. परंतु क्रोमियम त्यातून पुरते निघेना, आणि ते पाणी सिंचनासाठी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनीत क्रोमियम साचत गेले.