राख कुठे जाते?

परवा रात्री लाईट गेली आणि भूगोलाचा एक जुना तास आठवला. "आपली वीज कोयनेची!" असं मी वर्गात ऐटीत सांगायची. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, तेव्हा मी शाळकरी पोर होते.

पण ते अर्धंच खरं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीज करायला कोयनेला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं. म्हणून मागणी वाढली की कोयना मदतीला धावते. रात्रंदिवसाचा मोठा भार कोळसाच ओढतो. चंद्रपूरचं केंद्र १९८३ मध्ये सुरू झालं. शेजारी खाणी, इरई धरणाचं पाणी. आज क्षमता २९२० मेगावॅट.

तो धडा शिकवताना एका मुलीने विचारलं, "बाई, कोळशाची राख कुठे जाते?"

"टाकत असतील कुठेतरी," मी म्हटलं आणि पान उलटलं.

आपल्या कोळशात सुमारे तिसरा हिस्सा राखच असते. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. तळं वाळलं की वाऱ्यावर उडते. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांत चौथं होतं. खाणी, सिमेंट कारखानेही त्याला कारण.

माझ्या 'कुठेतरी'मध्ये माणसं राहतात. त्या मुलीला हे आता कसं सांगू?